रीडिंग

सहावा दिवस. किल्ला दिसत नाही.
एरवी दौलतगंजातून मान वर केली की असतोच,
आता तिथं नुसतं मळकं पांढरं.
गच्चीवर काल घातलेली चादर
आज कालच्यापेक्षा जड निघाली.

म्हणून हे यंत्र.
निनादनं हैदराबादहून पाठवलं,
सोबत फोनवर एक वाक्य:
बाबा, बिलाचा विचार करू नका.

बिलाचा विचार न करणं मला येत नाही रे.
एकतीस वर्षं दुसरं केलं काय मी?
टॉर्च, पेन, पिवळी वही,
जिन्याखालच्या जळमटांत तोंड घालून
लोकांच्या घरचे आकडे उतरवले.
कुणाकडे गीझर आला,
कुणाची मुलगी माहेरी परतली,
कोण रात्रभर जागतं,
सगळं ती चकती सांगायची.
मी फक्त युनिट लिहायचो.

रात्री तीनला प्रमिला हाक मारत नाही,
नुसती कूस बदलते.
मी उठतो. चादर ओढतो, रबरी शीट पुसतो.
ती भिंतीकडे बघत म्हणते,
"पाणी सांडलं वाटतं."
"हो, माझ्याच हातून तांब्या कलंडला."
त्रेचाळीस वर्षांच्या संसारात
इतक्या नियमानं खोटं कधी बोललो नव्हतो.

चादर, परकर, दोन टॉवेल.
धुणं, पिळणं, मग हा ढोल घुमायला लागतो.
तास-वीस मिनिटं. अडीच युनिट.
महिन्याचे पंचाहत्तर, तेही एकदाच लागलं तर.
आणि स्लॅबची रेघ ओलांडली
की मागचंही सगळं महाग होतं,
हे मीच समजावत फिरलोय घरोघर.

मग खोलीतला हीटर बंद.
गीझर फक्त तिच्या आंघोळीला.
मी स्वेटरवर स्वेटर.
देवघरातला लाल झिरो काढून ठेवला,
देवांना म्हटलं, तुम्हाला अंधारात दिसतं.

काचेतून कपडे वर जातात, पडतात,
वर जातात, पडतात.
बघत बसू नये. बसतो.

त्र्याण्णवची थंडी. माधवगंजचा बोळ.
तोमरबाईंनी मीटरपुढे हात आडवा धरला होता.
"इस बार रहने दो भैया, अगले महीने पूरा लिख लेना."
मागं विजेची शेगडी,
तिच्यावर पालथी टोपली,
टोपलीवर सहा-सात लंगोट, वाफाळत.
आत कुणीतरी बारीक आवाजात रडत होतं.
मी शेगडी पाहिली. हात बाजूला केला.
आकडा वाचला, आणि बरोबर तोच लिहिला.

इमानदार म्हणून नाव होतं माझं.
निवृत्तीला शाल मिळाली.
ती आता हिच्या पायांवर असते,
लोकर बरी आहे, टोचते थोडी.

नवा मीटर आपला आपणच
कुठंतरी वर कळवतो सगळं.
वही नाही, टॉर्च नाही,
दारात कुणी येतच नाही
ज्याच्यापुढे हात आडवा धरावा.

यंत्र टिंग करतं.
गाळणीतली लव बोटानं काढतो,
करडी, मऊ, मुठीएवढी.
रोज थोडी थोडी चादर झिजून हिच्यात उतरते.
गरम कापड तसंच तिच्या अंगावर पसरतो.
"ऊन पडलंय?" झोपेतच विचारते.
बाहेर समोरच्या घराचा दिवासुद्धा दिसत नाही.
"पडलंय. तू नीज."

नंतर सवयीनं खाली जातो,
मीटरपाशी वाकतो,
गजकाच्या दुकानानं दिलेल्या कॅलेंडरवर
आजचा आकडा टिपतो.
वर येईपर्यंत विसरलेला असतो.

तोमरबाईंचा अजून पाठ आहे.
चार हजार एकशे सात.